'न्हाय'ची घंटा

आमच्या क्लासातले किस्से म्हणजे दाराबाहेरच्या चपला. येताना प्रत्येक जण आपापली काढून आत जातो, आणि सुटल्यावर बघावं तर हा ढीग. त्यात माझी अडचण अशी, की मी कुठल्याही किश्शात पाय घातला की तो सुप्रियाचा निघतो. सांगायला घेते माझा म्हणून, आणि शेवटचं वाक्य तिचं असतं. मला हे आवडत नाही. पण ढीग वाढत चाललाय, कुणीतरी आवरायला पाहिजे, म्हणून सांगते.

आधी क्लास कसला ते सांगायला हवं. राजारामपुरीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचा व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास आहे. आत्मविश्वास, सभेत बोलणं, सकारात्मक विचार, आणि जोडीला दहावीच्या मुलांना इंग्रजी व्याकरण. शिकवणारे तिघं: सर, मी आणि सुप्रिया. मी केतकी, इंग्रजी घेऊन एम.ए., आईवडील दोघंही शिक्षक, घर इथलंच. सुप्रिया हुपरीची, बी.कॉम. तिच्या घरी चांदीची पैंजणं करतात. ती रोज गाडीनं येऊन-जाऊन करते. आम्ही दोघी एकाच वेळी लागलो, एकाच टेबलावर डबा खातो, आणि लोक आम्हाला मैत्रिणी म्हणतात. तशा आम्ही आहोतच.

यंदा सरांनी सांगितलं की ते गडहिंग्लजला दुसरी शाखा काढणार. म्हणजे इथली रविवारची मोठी बॅच, आत्मविश्वासाची, आमच्यापैकी एकीला मिळणार. दुसरीनं व्याकरणच शिकवायचं. जिला बॅच मिळेल तिचा फोटो खाली चौकातल्या फ्लेक्सवर. आईनं माझ्यासाठी मोरपंखी साडी इस्त्री करून ठेवली. बाबा म्हणाले, "फ्लेक्सचं काय एवढं," आणि संध्याकाळी फिरायला जाताना त्या चौकातून जायला लागले.

मला ती बॅच पाहिजे होती. आता मला एक सवय आहे, ती मध्ये येते. मी दचकते. कुकरची शिट्टी, मागून हाक, मोबाइलची थरथर, काहीही चालतं. आणि आमच्या क्लासच्या बरोबर खाली सायलेन्सर दुरुस्तीचं दुकान आहे.

*

घंटेपासून सुरुवात करते.

सरांचं म्हणणं असं, की माणूस 'नाही' म्हणतो तिथंच हरतो. म्हणून क्लासात 'नाही' हा शब्द बंद. आता कोल्हापुरात 'न्हाय' बंद करायचं म्हणजे निम्मं बोलणंच बंद. इथं 'जेवलास का?' विचारलं तर 'न्हाय तर काय, मगाशीच की' असं उत्तर येतं. पण सर हट्टाला पेटले. महाद्वार रोडवरून पितळेची घंटा घेऊन आले. पूजेची असते तशी, हातात धरून वाजवायची.

नियम साधा. आमच्यापैकी जी शिकवत नसेल तिच्या हातात घंटा. कुणी 'न्हाय' म्हटलं की वाजवायची. मग त्या माणसानं तेच परत बोलायचं, 'न्हाय' न वापरता. घंटेनंतर जे बोलाल ते तुमचं खरं उत्तर. आधीचं पुसलं.

पहिल्या दिवशी घंटा सुप्रियाकडे होती. सर समोर उभे राहिले आणि म्हणाले, "लक्षात ठेवा, आजपासून या हॉलमध्ये न्हाय म्हणायचं न्हाय."

सुप्रियानं दोनदा वाजवली.

सर म्हणाले, "अगं, मी नियम सांगतोय. मला वाजवायची न्हाय."

परत वाजवली.

हॉल हसत होता. सरही हसले. मी प्रत्येक वेळी दचकले, पण ते कुणी बघितलं नाही, सगळे तिच्याकडेच बघत होते.

त्याच दिवशीचा किस्सा तात्यांचा. तात्या हातकणंगल्याकडचे, गावच्या दूध संस्थेचे नवे चेअरमन. भाषण करता यावं म्हणून सुनेनं त्यांचं नाव घातलेलं. सर म्हणाले, घरातलं काहीही दोन मिनिटं बोला. तात्या उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आमची म्हस चार दिवस झालं दूध देत न्हाय."

घंटा वाजली.

तात्यांनी छताकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं. एवढा विचार त्यांनी निवडणुकीत केला नसेल. मग म्हणाले, "आमची म्हस... दुधाचा विचार कराय लागलीया."

सरांनी उठून टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात दृष्टिकोन," म्हणाले. हा किस्सा पुढे हातकणंगल्यापर्यंत गेला. तिथं तो 'सुप्रिया मॅडमच्या घंटेचा किस्सा' म्हणून सांगतात. म्हैस तात्यांची, वाक्य तात्यांचं, घंटा सरांची. तरी.

*

मला पहिलं मोठं लेक्चर मिळालं त्याचा विषय होता, भीतीवर मात.

मी पाठ केलेलं होतं. घरात आरशासमोर, मग आईसमोर, मग आई झोपल्यावर नुसत्या सोफ्यासमोर. हॉल भरलेला. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'भीती' लिहिलं आणि वळून म्हटलं, "भीती ही फक्त आपल्या मनात असते."

खाली कुणीतरी बुलेटला सायलेन्सर बसवून फटाक्यासारखा आवाज काढून बघितला.

माझ्या हातातल्या मार्करनं फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. डस्टर पडलं. मी टेबलाच्या मागे होते. तिथं कशी गेले मला माहीत नाही.

मग तात्या, तेच दूधवाले, अगदी मनापासून म्हणाले, "मॅडम, भीती कशी असत्या ते तुम्ही लई ब्येस दाखवलासा. आता मात दाखवा."

पुढच्या आठवड्यात तेच लेक्चर सुप्रियानं घेतलं. तोच हॉल, खाली तोच बुलेटवाला. त्यानं सायलेन्सरचा फटाका फोडला तेव्हा सुप्रिया वाक्याच्या मध्यात होती. तिनं आवाज संपेपर्यंत तोंड उघडंच ठेवलं आणि संपल्यावर पुढचा शब्द बोलली. बास. तेवढ्यावर लोक टाळ्या वाजवायला लागले.

टाळ्यांना मी दचकले.

*

सरांनी सगळ्यांना आरशाचा नेम दिला. सकाळी उठून आरशासमोर उभं राहायचं, स्वतःच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, 'तू भारी आहेस. तुला जमेल.'

मी नेम सोडला नाही. दार लावून करत होते. एकदा आईनं बाहेरून विचारलं, "केतकी, आत कोण आलंय गं?" मी इतकी दचकले की कपाळ आरशावर आपटलं. आरशाला काही झालं नाही. मी कपाळावर टेंगूळ घेऊन क्लासला गेले आणि सगळ्यांना सांगितलं की कपाटाचं दार लागलं.

डबा खाताना सुप्रियाला विचारलं, "तू आरशाचं करतेस का?"

ती भाकरी मोडत म्हणाली, "आरशात बघून काय सांगायचं? ती बाई मला वळखत्या की."

मला हेच आवडत नाही तिचं. मी दार लावून, टेंगूळ घेऊन जे मिळवायला बघते, ते तिच्याकडे आधीच असतं, आणि ते तिच्याकडे आहे हेही तिला कळत नाही. सरांच्या भाषेत हे सगळं अंगी बाणवायचं असतं. हिच्या अंगी ते भाकरीबरोबर आलंय. आणि भाकरी तिनं मला अर्धी दिली, तीसुद्धा चांगली होती.

*

तुलना करू नका, या विषयावरचं लेक्चर सरांनी मुद्दाम मला दिलं की सहज, मला आजवर कळलेलं नाही.

आमचे दोन हॉल. मध्ये प्लायवूडची भिंत. इकडे मी, तिकडे सुप्रिया, तिचा विषय वेळेचं नियोजन. मी चांगलं चालवलं होतं. प्रत्येकाची वाट वेगळी, प्रत्येकाची चाल वेगळी, दुसऱ्याच्या ताटात बघू नका. लोक लिहून घेत होते.

पलीकडून हशा आला.

मी पुढे गेले. परत हशा, आधीच्यापेक्षा मोठा. वेळेच्या नियोजनात हसण्यासारखं काय असतं? मी बोलत होते, पण माझं वाक्य माझ्याच कानावर पडत नव्हतं. मग पलीकडून टेबल बडवल्याचा आवाज आला आणि माझं बोलणं थांबलंच.

पहिल्या रांगेत एक आक्का बसायच्या. बचत गटाच्या अध्यक्षा झालेल्या, डोक्यावर पदर, हातात नेहमी पिशवी. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचं ध्यान तिकडं हाय."

मी म्हटलं, "छे."

"आवो, आमचंबी तिकडंच हाय. मी जाऊन बघून येतो, काय चाललंय. आल्यावर सांगतो सगळ्यास्नी."

आणि गेल्या की! मी थांबा म्हणेपर्यंत दार उघडून पलीकडे. मी तुलनेचे तोटे सांगत राहिले. सगळ्यांची नजर दाराकडे, माझी पण.

आक्का आल्याच नाहीत. तिकडंच बसल्या.

*

पुण्याहून एक पाहुणे ट्रेनर आले होते. कानाला लावायचा माइक, पायात मोजे, एका जागी न थांबता बोलायचे. त्यांनी सगळ्या बायकांना उभं केलं. म्हणाले, "डोळे मिटा. तुमचं ध्येय तुम्ही गाठलंय असं बघा. आता मोठ्यानं म्हणा, मी जिंकले."

हॉलमधून आवाज आला, "मी जिंकलो!"

पाहुणे चमकले. मग हसून म्हणाले, "जिंकलो नाही. जिंकले. तुम्ही स्त्रिया आहात ना?"

"व्हय," बायका म्हणाल्या.

"मग म्हणा, मी जिंकले."

"मी जिंकलो!"

आता आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात, यात कुणाला काही वाटत नाही. पाहुण्यांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. ते परत सांगायला लागले, जरा हळू, लहान मुलांना सांगतात तसं. मी एकटी 'जिंकले' म्हणाले होते, शुद्ध, स्पष्ट. माझी अपेक्षा होती की ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणतील, अशा या ताईंसारखं.

तेवढ्यात मागून सुप्रिया म्हणाली, "सर, 'जिंकले' म्हटलं की दुसरंच कोणतरी मोठं माणूस जिंकल्यागत वाटतंय. साहेब आले, साहेब जिंकले. मग आमचं काय?"

पाहुण्यांनी खिशातून पेन काढलं आणि ते लिहून घेतलं. पुण्यात सांगतील आता. मी जिंकले हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

*

सुप्रियाच्या गावच्या जत्रेला तिनं मला जेवायला बोलावलं. आईनं पेढे दिले, बाबांनी मला गाडीत बसवून दिलं.

तिचं घर म्हणजे पुढे कारखाना, मागे घर, आणि दोन्हीच्या मध्ये दार नाही. तार ओढायचं मशीन, त्यावर ठोकणं, पॉलिशचं चक्र, आणि कोपऱ्यात घुंगरू लावत बसलेल्या तिच्या दोन चुलत्या. जत्रेचा दिवस असूनही एका ऑर्डरचं काम चाललं होतं. प्रत्येक ठोक्याला मी खुर्चीतून बोटभर उठत होते. कपातला चहा बशीत, बशीतला साडीवर. तिच्या आईनं विचारलं, "खुर्ची टोचत्या का?"

सुप्रियाचे वडील कारखान्यातून ते बघत होते. त्यांनी हात वर केला आणि ओरडले, "थांबवा रे सगळं. पावणीला तरास व्हतोय."

मशीन थांबलं. ठोकणं थांबलं. पॉलिशचं चक्र फिरत फिरत गप्प झालं. एकदम शांत.

आतल्या खोलीतून सुप्रिया पळत आली. हात पिठाचे, तोंड पांढरं. "काय झालं? कोण पडलं? काय झालं?"

"काय न्हाय गं," तिची आई म्हणाली. "तुझ्या मैत्रिणीसाठी थांबवलंय."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. धाप लागली होती तिला. "आमच्यात असं गप्प झालं की कोणतर भाजलेलं असतंय," ती म्हणाली.

सुप्रियाला दचकताना मी पहिल्यांदा बघितलं. मला वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी आणखी एक चहा मागून घेतला.

जाताना तिच्या वडिलांना मी म्हटलं, काम सुरू करा, मला चालेल. सुरू झालं. मी परत उडाले. पण जरा कमी.

*

कृतज्ञतेचा तास सरांचा आवडता. सगळ्यांच्या समोर उभं राहायचं आणि आपल्या सहकाऱ्याबद्दल मनापासून एक चांगली गोष्ट सांगायची. सर म्हणाले, आज सुरुवात तुम्ही दोघींनीच करा, म्हणजे बाकीच्यांना कळेल.

मी आधी उठले. सुप्रियाबद्दल सांगण्यासारखं भरपूर होतं. न घाबरणं होतं, अर्धी भाकरी होती, पुण्याच्या पाहुण्यांना दिलेलं उत्तर होतं. सगळं तोंडाशी आलं आणि तिथंच थांबलं. हॉल वाट बघत होता. सर मान हलवत होते, हं, हं, बोला. मला एकच वाक्य सुचलं.

"सुप्रियाचं अक्षर फार छान आहे."

सगळ्यांनी फळ्याकडे बघितलं. फळ्यावर सकाळपासून तिनं लिहिलेलं होतं. ते काय लिहिलंय यावर दहावीच्या मुलांत वाद झालेला होता.

सुप्रियाच जास्त हसली. मग तिची पाळी. घंटा सरांच्या हातात होती. ती उठली, ओढणी मागे टाकली.

"ही केतकी," ती म्हणाली, "मागनं नुसतं पुटपुटलं तरी दचकत्या. तुम्ही सगळी हसतासा. पर हिला हाक मारली की ही दर वेळी मागं वळून बघत्या. आमच्या घरात दिवसभर ठोकाठोकी. तिथं मी किती वरडलो तरी कोण बघत न्हाय."

सरांनी घंटा वाजवली.

आता तिला न्हाय काढून तेच परत बोलायचं होतं.

"आमच्यात," ती म्हणाली, "सगळी कामात असत्यात."

कुणी हसलं नाही. मग सरांनी घाईनं पुढच्या माणसाला उठवलं. मी माझ्या जागी बसून तिच्या वाक्याची आणि माझ्या वाक्याची तुलना करत होते. तुलना करू नये हे मीच शिकवते.

*

आता शेवटचा. हा मी घरी सांगितलेला नाही. बाबांना अजून वाटतं की सरांनी ठरवलं आणि झालं.

मोठ्या बॅचसाठी आमची दोघींची परीक्षा होती. सगळ्या बॅचची माणसं एका हॉलमध्ये बसवली. तात्या आले होते, आक्का पिशवीसकट आल्या होत्या. आधी मी बोलायचं, मग सुप्रिया, आणि लगेच तिथंच सर निकाल सांगणार. मी मोरपंखी साडी नेसले होते. तात्या सकाळीच खाली जाऊन दुकानदाराला म्हणाले होते, "पावणं, आज तेवढं गाड्यांचं फटाकं वाजवू नका. आमच्या मॅडमची परीक्षा हाय." हे मला नंतर कळलं. मला वाटलं होतं की आरशाच्या नेमाचा गुण आला.

कारण त्या दिवशी मी चांगली बोलले. खरंच चांगली. एकदाही उडाले नाही. माझ्या विषयाचं नाव होतं, एक पाऊल पुढे. लोक हसायला हवे तिथं हसले. आक्का पूर्णवेळ बसून राहिल्या. सर दोनदा म्हणाले, "वा." मी खाली बसले तेव्हा सुप्रियानं माझा हात दाबला आणि घंटा माझ्या हातात दिली. आता ती शिकवणार, म्हणजे घंटा माझ्याकडे.

ती कशी बोलली ते सांगत नाही. तुम्ही आतापर्यंत ऐकलंय तिला. तशीच.

बोलून झाल्यावर ती तिथंच उभी राहिली. सर उठले, चष्मा पुसला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "केतकी, आज तू आम्हाला चकित केलंस." माझ्या छातीत एवढं धडधडत होतं की घंटेची जीभ हलत असल्याचं मला बोटांना कळत होतं. मी ती मुठीत घट्ट धरली.

मग सर वळले. "पण रविवारची बॅच मी सुप्रियाकडे देतोय."

टाळ्या झाल्या. मीही हलवले हात, घंटेसकट जसे जमतील तसे. चौकातला फ्लेक्स मला डोळ्यांसमोर दिसला आणि त्याच्याखाली उभे राहून वर बघणारे माझे बाबा.

सर म्हणाले, "काय सुप्रिया, घेशील ना बॅच?"

सुप्रियानं माझ्याकडे बघितलं. मग सरांकडे.

"न्हाय," ती म्हणाली.

असं तिनं आजवर कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. सगळा हॉल गप्प झाला, हुपरीचा कारखाना झाला होता तसा. ती पुढं काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडत होती.

आणि मी दचकले.

घंटा वाजली. चांगली खणखणीत, भरल्या हॉलमध्ये.

सगळे माझ्याकडे बघत होते. सर हळूच हसले, डोळ्यांत पाणी आल्यासारखे. "बघा," ते म्हणाले, "याला म्हणतात मन. स्वतःच्या हातातली संधी असताना हिनं मैत्रिणीसाठी घंटा वाजवली. वीस लेक्चरं एकीकडं आणि हे एकीकडं." आक्कांनी पदर डोळ्यांना लावला. तात्या उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, मग सगळेच उभे राहिले. मी आजवर घेतलेल्या एकाही लेक्चरला एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

"सुप्रिया," सर म्हणाले, "घंटा झाली. आधीचं पुसलं. परत विचारतो. घेशील बॅच?"

तिनं परत माझ्याकडे बघितलं. मी बघत राहिले. मान हलवायला पाहिजे होती, इकडे किंवा तिकडे, पण ती जागची हलली नाही.

"घेतो," सुप्रिया म्हणाली.

हुपरीच्या गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही दोघी चालतच स्टँडकडे निघालो. माझी साडी चुरगळली होती. ती काही बोलत नव्हती. गाड्यांच्या गोंगाटात पोहोचल्यावर तिला बोलणं सुचलं, तिचं तसंच असतं.

"मी पुढं 'हिला द्या' म्हणणार होतो," ती म्हणाली. "तू बोलूच दिलं न्हाईस."

मी समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचायला लागले.

"आमच्याकडनं रविवारची गाडीबी नीट न्हाय. आणि तू आज माझ्यापरास भारी बोललीस, ते मला कळतंय की." ती थांबली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "खरं सांग. मुद्दाम वाजवलीस व्हय?"

हुपरीची गाडी आत येत होती. ड्रायव्हरनं आमच्या अगदी मागे हॉर्न मारला. मी खाली बघितलं. गडबडीत मी ती घंटा तशीच हातात घेऊन आले होते.

"व्हय," मी म्हणाले.